लेकींच्या बाजूची वंशावळ

किडनीच्या आनुवंशिक आजारावर काम करते म्हटलं की लोकांना पांढरा कोट आणि प्रयोगशाळा आठवते. माझं अर्धं काम मात्र वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या ओसऱ्यांवर होतं. आजार पॉलिसिस्टिक किडनीचा. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि शेवटी किडनी कामातून जाते. आईवडिलांपैकी एकाला तो असला, तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. मुलगा की मुलगी, हे तो बघत नाही.

वसमत तालुक्यातल्या त्या घरी गेले तेव्हा हळद शिजवणं चालू होतं, अंगणभर पिवळं वाळवण. घरचा कर्ता अडतीस वर्षांचा, डायलिसिसवर. घराण्यात कुणाला होतं का, असं विचारल्यावर त्याने तलाठ्याकडच्या वारसनोंदीच पुढे ठेवल्या. पणजोबांपर्यंत सगळी नावं, सगळे पुरुष, आणि किडनीचा आजार एकालाही नाही.

हळद निवडत बसलेली त्याची मावशी म्हणाली, "तिकडं काय बघायलाव बाई? हे आमच्या माहेरचं हाय."

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मी कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल काढत गेले. तिचे वडील अंग सुजून गेले. बहीण, म्हणजे या माणसाची आई, तशीच गेली. थोरल्या भावाच्या लघवीतून रक्त जायचं. मधल्या भावाला तिने यात धरलंच नव्हतं. "त्याला किडनीचं काई नव्हतं. डोकं धरून बसला आन् दिवस मावळायच्या आत गेला." या आजारात काहींच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटते. आता खात्री करून घेणं शक्य नाही. त्याच्या चौकोनात मी प्रश्नचिन्ह टाकलं. मावशी स्वतः सत्तरीची, सोनोग्राफी स्वच्छ. म्हणजे तुमच्या लेकरांना यातून भीती नाही, असं सांगितल्यावर आधी हसली ती तिची सून.

किडनीच्या रुग्णांची देशपातळीवरची नोंदवही आहे. तिचा 2012 साली आलेला अहवाल 52,273 रुग्णांचा होता आणि त्यातल्या सुमारे 16 टक्क्यांच्या आजाराचं कारण ठरलेलं नव्हतं. त्यामागे अनेक गोष्टी असतील. पण माहेरची चौकशीच झाली नाही असेही काही जण त्यात असावेत, असं मला वाटतं.

या आजाराचं मुख्य जनुक, पीकेडी1, सोळाव्या गुणसूत्रावर 1994 मध्ये सापडलं. चौथ्या गुणसूत्रावरचं पीकेडी2 दोन वर्षांनी. पीकेडी1 वाचणं किचकट, कारण त्याच्या मोठ्या भागाच्या सहा निकामी नकला त्याच गुणसूत्रावर आहेत. एकाच नावाचे सात जण असलेल्या गावात नव्या पोस्टमनची जी गत, ती आमची.

एवढी उठाठेव कशासाठी? त्या घरात उत्तर समोरच उभं होतं. अठ्ठावीस वर्षांची धाकटी बहीण भावाला किडनी द्यायला निघाली होती. तिची सोनोग्राफी साफ होती, पण तिशीच्या आत तेवढ्यावर विसंबता येत नाही. गाठी उशिराही दिसू लागतात. तिची किडनी काढून घ्यायची आणि पुढे तिलाच हा आजार निघायचा, हे कुणाला परवडेल? म्हणून आधी भावाच्या जनुकातला बिघाड शोधायचा, मग नेमका तोच बहिणीत आहे का ते बघायचं.

जांभळ्या टोपणाच्या नळीत तिचं रक्त घेतलं. संमतीपत्र तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "रिपोर्ट माझ्याच हातात द्या. सासरी मी सांगीन काय सांगायचं ते." ते योग्यच होतं, आणि नियमही तोच.

तिच्यात बिघाड निघाला नाही. ती पुढच्या तपासण्यांसाठी मोकळी झाली. रक्तगट, ऊती जुळणं, हे सगळं अजून बाकी होतं.

भावाची मुलगी नांदेडला बी.एस्सी. करते. आपल्या वाट्याला निम्मी शक्यता आहे, हे तिने कुणी न सांगता ओळखलं होतं. चाचणी नको म्हणाली. "लग्नाआधी नाही, आणि लग्नासाठी तर नाहीच." मावशी चिडली, वडील गप्प बसले. मी आग्रह केला नाही. आजार मुळातून घालवणारं औषध आजही नाही. वाढ मंदावणारं आहे ते महाग, आणि ते सरसकट सगळ्यांना देतही नाहीत. पण वाढलेलं बी.पी. वेळीच सापडलं तर त्यावर इलाज होतो आणि त्यासाठी जनुकांचा अहवाल लागत नाही. दरवर्षी बी.पी. मोजून घ्यायला मात्र ती तयार झाली. तारीख तिनेच ठरवली, परीक्षा संपल्यावरची.