ब्रोकोलीचे मोड आणि फेसलेली मोहरी

मराठी स्वयंपाकघराला मोडांचं महत्त्व कुणी नव्याने सांगायला नको. मटकी, मूग, हुलगे, बिरड्याचे वाल यांना मोड आणण्यात आपला हातखंडा आहे. कदाचित म्हणूनच ब्रोकोलीचे किंवा मुळ्याचे मोड बाजारात दिसले की आपण ते त्याच रांगेत बसवतो आणि मटकी असताना हे महागडं कशाला, असं विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण मला ती रांगच चुकीची वाटते. कडधान्याला मोड आले की ते पचायला हलकं होतं, त्यातलं फायटेट घटतं, थोडं क जीवनसत्त्व तयार होतं, आणि प्रथिनं तर असतातच. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी, अळीव या कुळाच्या मोडांकडे प्रथिनांसाठी बघण्यात फारसा अर्थ नाही. त्यांचा खरा ऐवज त्यांच्या तिखटपणात आहे. मोहरी पाणी घालून फेसली की झणका नाकात जातो, पण अख्खा दाणा जिभेवर ठेवला तर काहीच होत नाही. दाण्यात एक गंधकयुक्त द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. दाणा चिरडला, ओला झाला की दोघं भेटतात आणि तिखट रसायन जन्माला येतं. ब्रोकोलीतही हेच घडतं. तिथे ग्लुकोराफॅनिनपासून सल्फोराफेन बनतं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. शरीरात शिरलेल्या घातक द्रव्यांचा निचरा करणारी आपलीच एन्झाइम्स ते जागी करतं, असं त्यांना दिसलं. 1997 साली त्याच गटाने दाखवलं, की तीन दिवसांच्या मोडांत वजनाच्या मानाने पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या 10 ते 100 पट ग्लुकोराफॅनिन असू शकतं. त्यात जादू नाही. बियाणातला साठा रोप वाढत जाईल तसा विरळ होत जातो, एवढंच.

माणसांवर काय दिसलं? चीनच्या जिआंगसू प्रांतातल्या छीतोंग भागात 2011-12 मध्ये 291 जणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. मोडांपासून केलेलं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून प्रदूषित हवेतल्या बेन्झीनचा निचरा तुलनेने 61 टक्क्यांनी आणि अ‍ॅक्रोलीनचा 23 टक्क्यांनी वाढला. मात्र विष जास्त बाहेर पडलं म्हणजे कर्करोग टळला, असं यातून सिद्ध होत नाही. तसं छापणाऱ्या पाकिटांवर मी विश्वास ठेवणार नाही. मला त्याहून बोलका वाटतो तो जपानमधला 2009 चा अभ्यास. हेलिकोबॅक्टर पायलोरी या पोटातल्या जंतूचा संसर्ग असलेल्या 48 जणांपैकी काहींना रोज 70 ग्रॅम ब्रोकोलीचे मोड आठ आठवडे दिले, बाकीच्यांना अल्फाल्फाचे. ब्रोकोलीच्या गटात जंतूंच्या खुणा घटल्या, अल्फाल्फाच्या गटात घटल्या नाहीत. अल्फाल्फा मेथीच्या जवळची, म्हणजे कडधान्यांच्याच कुळातली. मटकीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे मिळतं. अर्थात खाणं थांबवल्यावर जंतू पूर्वपदावर आले. म्हणजे हे अन्न आहे, औषध नव्हे, आणि संसर्ग असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप स्वच्छतेचा आहे. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. जर्मनीत 2011 साली मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने सुमारे चार हजार माणसं आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. माग काढत गेल्यावर संशय इजिप्तहून आलेल्या बियाण्यावर येऊन थांबला. जपानच्या साकाई शहरात 1996 साली हजारो शाळकरी मुलं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या मोडांवरच होता. जंतू बियाण्यावरच असेल तर घरचे मोडही सुरक्षित ठरत नाहीत. म्हणून गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मग शिजवावेत, तर उष्णतेने मायरोसिनेज निकामी होतं आणि ज्यासाठी हा खटाटोप तेच हातचं जातं. आतड्यातले जिवाणू या एन्झाइमचं थोडं काम करतात, पण ते माणसागणिक कमीजास्त.

या पेचातून वाट काढते ती मोहरीच. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी शिजवलेल्या 200 ग्रॅम ब्रोकोलीवर एक ग्रॅम मोहरीची पूड घालून बारा जणांना खाऊ घातली. नुसत्या शिजवलेल्या ब्रोकोलीच्या चौपटीहून जास्त सल्फोराफेन त्यांच्या शरीरात पोचलं. कारण मोहरी स्वतःचं एन्झाइम घेऊन येते. प्रयोग छोटा आहे आणि मोडांवर केलेला नाही, पण रसायन तेच. तेव्हा मोड चांगले वाफवावेत, पाण्यात उकळू नयेत, नाहीतर ऐवज पाण्यात उतरतो. आणि वरून रायत्याला लावतो तशी फेसलेली मोहरी लावावी. फोडणीतली तडतडलेली मोहरी इथे उपयोगाची नाही, तिचं एन्झाइम तेलातच संपलेलं असतं.

या मोडांनी थायरॉइड बिघडेल, अशी भीती बरेच जण घालतात. छीतोंगच्या प्रयोगातल्या लोकांचं थायरॉइड पुढे तपासलं गेलं, त्यात बिघाड आढळला नाही. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याने मूठभर मोडांना घाबरायचं कारण नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं, कारण या भाज्यांत के जीवनसत्त्व असतं. राहिली किंमत. ब्रोकोलीचं बियाणं महाग वाटत असेल तर मुळ्याचं घ्यावं. त्यातलं रसायन सल्फोराफेनचं अगदी जवळचं भावंड आहे. फक्त ते बियाणं खाण्यासाठी म्हणून विकलं जाणारं असावं. शेतीच्या दुकानातल्या पेरणीच्या बियाण्याला अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं, आणि ते कितीही धुतलं तरी ताटात घ्यायच्या लायकीचं होत नाही.