सेरोटोनिनच्या भांडवलावर

सेरोटोनिन कमी झालं की माणूस उदास होतो, एवढ्या भांडवलावर मी मेंदूच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. ते बुडायला वेळ लागला नाही. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी घेतली की दोन चेतापेशींमधल्या फटीत सेरोटोनिन काही तासांतच वाढतं; पेशंटचं मन सावरायला मात्र आठवडे लागतात. मग मधल्या काळात चालतं काय? सीनियर ताईला विचारलं तर म्हणाली, "त्याचीच तर फेलोशिप मिळते आपल्याला."

या समजुतीचं एक मूळ मुंबईत निघालं, तेव्हा गंमत वाटली. डॉ. रुस्तुम जल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा सर्पगंधेचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रेझर्पिन घेणारे काही रुग्ण नैराश्यात गेले. रेझर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा रिकामा होतो, हेही दिसलं. झालं, दोन्हींची सांगड बसली.

माझ्या वाट्याला आले उंदीर. अधिकच्या चिन्हासारखा उंच चौक, दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. उंदराला मध्यावर सोडायचं आणि पाच मिनिटं बघायचं. चारही पाय फाट्यात पडले तरच 'एंट्री'. मग सगळं अल्कोहोलने पुसायचं, नाहीतर आधीच्याचा वास पुढच्याला लागतो. भित्रा उंदीर भिंतीचा आडोसा सोडत नाही. चिंता कमी करणारं डायझेपाम दिलं की उघड्यावर जास्त फिरतो, म्हणून या चाचणीवर भरवसा. पण पडायची भीती वाटणं हा आजार की शहाणपण, हे कोडं माझ्या डोक्यातून जाईना.

खरी चक्रावले ते बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतलं सुमंत्र चटर्जींच्या गटाचं काम वाचून. उंदरांना १० दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं. स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पसमधल्या पेशींच्या शाखा आखडल्या आणि भीतीशी निगडित अमिग्डालातल्या चक्क वाढल्या! ताण एकच, परिणाम उलटे. त्यानंतर २१ दिवस विश्रांती दिली, तर हिपोकॅम्पस सावरला. अमिग्डालातली वाढ आणि उंदरांची भीती तशीच राहिली.

गावी गेले की मावशी विचारते, "ते डिप्रेशन डोक्यात असतं तरी कुठं गं?" बोट ठेवून दाखवता येत नाही. निदान आजही पेशंटशी बोलून, लक्षणं समजून घेऊनच होतं. ते पक्कं करणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नकोस, असं ताईनेही बजावलंय. तरी "आता सगळं ठीक आहे ना, मग हिला झालंय काय?" असं मावशी शेजारच्या सुनेबद्दल म्हणाली, तेव्हा मी तिला त्या २१ दिवसांबद्दल सांगितलं. ताण संपला तरी त्याचा हिशेब लगेच मिटतोच असं नाही, एवढं तिला पटलं.