कोरडा कोपरा

पावसात भिजण्याची मला मोठी हौस आहे. माझ्या शिदोरीला मात्र ती मुळीच नाही! आषाढ लागला, की पाठीवर पिशवी टाकून मी भाईंदरहून निघतो. कधी 1739 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला धारावीचा किल्ला गाठतो, कधी खाडीकाठचा घोडबंदरचा किल्ला, तर कधी मुक्कामालाच सह्याद्रीत जातो.

सामान कोरडे राखण्याची विद्या मी आमच्याकडील मिठागरांपासून शिकलो. आगरी लोक मिठाची रास पावसाळ्यापूर्वीच गवताने शाकारून ठेवीत. ढग गडगडू लागल्यावर धावपळ करून काय उपयोग? पाण्यातून जन्मलेले मीठ पुन्हा पाण्यातच जावयाचे! मीही पिशवी घरीच नीट भरतो. वरून कितीही आच्छादन घातले, तरी पाठीवरून ओघळणारे पाणी शिवणीतून आत शिरतेच. म्हणून पिशवीच्या आत प्लॅस्टिकची जाड थैली घालतो, तीत सामान ठेवतो, तिच्या तोंडाला पीळ देतो आणि ते दुमडून दोरीने आवळतो. काड्यापेटी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो.

खरी कसोटी पुढेच असते. थैलीतील कोरडा सदरा रात्रीसाठी असतो. सकाळी कालचे ओले, गार कपडे अंगावर चढवताना मन म्हणते, 'आज कोरडेच घालू या!' परंतु चालताना अंग तापते, ओल फारशी जाणवत नाही. थांबल्यावर मात्र तीच ओल अंगातील ऊब शोषून घेते. तेव्हा त्या मोहाला मी बळी पडत नाही.

वाटेवर मनसोक्त भिजावे. पण एक कोपरा कोरडा राखावा. त्याच्याच भरवशावर पावसाशी आपली मैत्री जमते.