ड्रॅकोनियन : एका कडक शब्दाची गोष्ट

इंग्रजी पेपर वाचताना ‘ड्रॅकोनियन लॉ’ हे शब्द हमखास भेटतात. मराठीत आपण म्हणतो जुलमी, जाचक कायदा. हा शब्द ऐकून मुलांना पटकन ड्रॅगन आठवतो. ग्रीक मूळ एकच आहे, ‘द्राकोन’ म्हणजे मोठा साप. पण इंग्रजी शब्द सापावरून नाही, तर ते नाव असलेल्या एका माणसावरून आला.

ड्रॅको हा प्राचीन अथेन्सचा. इ.स.पूर्व ६२१ च्या सुमारास त्याने शहराचे कायदे लिहून काढले. त्याआधी कायदा तोंडीच होता. म्हणजे बडे लोक सांगतील तोच न्याय! त्यामुळे कायदा लिहिला जाणं ही खरं तर सुधारणाच होती.

मग नाव बदनाम का झालं? शिक्षांमुळे. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की भाजी किंवा फळं चोरणाऱ्यालाही खुन्याइतकीच, म्हणजे मृत्यूची शिक्षा होती. पुढे इ.स.पूर्व ५९४ मध्ये सोलोनने हे कायदे रद्द केले. फक्त मनुष्यहत्येचा कायदा ठेवला. त्यात मुद्दाम केलेली हत्या आणि नकळत घडलेली हत्या यांत फरक केलेला होता. इ.स.पूर्व ४०९ च्या सुमारास तो पुन्हा दगडावर कोरला गेला. फरक करणारा कायदा टिकला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

वर्गाचे नियम मुलांकडून बनवून घेताना मी ही गोष्ट सांगते. शिक्षा सुचवताना मुलं फार कडक असतात बरं का! उशीर झाला तरी बाहेर उभं करा, कुणाची वही फाडली तरी बाहेर उभं करा. पण धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून येणाऱ्याला उशीर होतो, त्याचं काय? असं विचारलं की वर्ग विचारात पडतो. मग मुलंच म्हणतात, “बाई, आधी त्याला कारण विचारायचं.”

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. पण घरात कलम लावून चालत नाही. म्हणून पालकांनो, पेला फुटला तर ओरडण्याआधी एवढंच बघा : तो हातातून निसटला, की रागाने फेकला?