फोनची पिशवी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या तिघी. बी.एड. केले तेव्हा हातात खडू होता. आता हजेरी, पोषण आहार, सारे फोनवर भरावे लागते. फोनही आमची हजेरी घेतो. स्क्रीन काळी असली तरी तो टॉवरशी अधूनमधून बोलतो, आणि आपण कोणत्या भागात आहोत हे कंपनीला कळते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. हक्क मिळाला, पडदा मात्र आपणच शिवायचा, असे म्हणत आम्ही शिलाई मशीन काढले.

युक्ती जुनी आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूने मढवलेली खोली बांधून दाखवले, की बाहेरच्या विजेचा परिणाम आत होत नाही. आम्ही तांबे-निकेलचा मुलामा दिलेले पॉलिस्टर घेतले. स्वयंपाकघरातली फॉइल स्वस्त, पण चार घड्यांत फाटते. सुईच्या भोकांची भीती नको. ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते. खरी चोरवाट शिवणीत आणि तोंडाशी. शिवणीत धातूला धातू टेकला पाहिजे, मध्ये अस्तर येता कामा नये. कापड दुहेरी. साधी चेन नको. तोंड दोन-तीनदा दुमडून वेल्क्रो लावावा. मग फोन आत ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग द्यावी. वर्गात आमची रिंग वाजली नाही, टॉवरसमोरच्या गच्चीवर वाजली. आणखी एक घडी घातली, तेव्हा थांबली. आत ठेवण्याआधी एअरप्लेन मोड लावावा, नाहीतर टॉवर शोधून शोधून बॅटरी उतरते.

पण पिशवी म्हणजे तावीज नव्हे. रेकॉर्डिंग चालू असेल तर फोन आतही ऐकतो, पावले मोजतो, आणि बाहेर येताच सारे पाठवू शकतो. अ‍ॅपला दिलेल्या परवानग्या सेटिंगमध्ये जाऊनच काढाव्या लागतात.

शिवाय आमच्या घरांत बाईचा फोन तासभर लागला नाही, की "कुठे होतीस?" सुरू. आमच्यातल्या एकीचा फोन तर रोज रात्री तपासला जातो. तिला ही पिशवी काय कामाची? कुणाची टोह घेऊ नये, हे सूरह हुजुरातमध्ये आहे. जुम्याच्या बयानात ऐकलेले घराच्या उंबरठ्यापर्यंत टिकत नाही, एवढेच.

उरलेल्या कापडातून तिने आपल्या बँक कार्डासाठी पाकीट शिवले. टॅप करून पैसे देता येणारे ते कार्ड तिच्या पगाराच्या खात्याचे आहे. पिन तिने अजून घरात कुणाला सांगितलेला नाही.