आदर्श कोच

‘कोच’ या शब्दाशी माझा संबंध अठ्ठावीस वर्षांचा. तोही अत्यंत जवळचा, म्हणजे शेजाऱ्याचे कोपर आपल्या बरगडीत रुतेल इतका जवळचा. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, मुंबईच्या कचेरीत हजेरी लावायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने घरी यायचे, या उद्योगात माझे केस आधी पांढरे झाले आणि मग गेले. १९७५ साली सुरू झालेल्या या गाडीने नाशिककरांना पगार आणि पाठदुखी या दोन्ही गोष्टी नियमितपणे पुरवल्या. तिचा सी-३ हा डबा तर पासधारकांनी आपल्या शिस्तीने ‘आदर्श कोच’ म्हणून नावारूपाला आणला आणि लिम्का बुकात त्याची नोंद झाली. मी त्या डब्यात नव्हतो. मी होतो पत्ते कुटणाऱ्यांच्या डब्यात. पण शेजारचा डबा आदर्श आहे एवढ्यावरही माणसाला मुंबईपर्यंत अभिमान पुरतो.

त्यामुळे निवृत्त झाल्यावर आमचा भाचा जेव्हा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मामा, आता तुम्हाला कोच पाहिजे,” तेव्हा मी म्हणालो, “कशाला रे? आता मला कुठे जायचंय?”

“कोटींच्या घरात!” भाचा म्हणाला.

त्याचे असे झाले होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या सूचनेवरून भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडची जी नागली आम्ही आजवर गरिबाचे धान्य म्हणून बाजूला सारत होतो, ती एकदम प्रतिष्ठित झाली. आणि आमच्या घरात नागलीचे पापड ही काही आजची गोष्ट नाही. सौ.चे पापड खाऊन तृप्त झालेले पाहुणे जाताना अर्धा डबा मागून नेतात, आणि नेलेला डबा परत देत नाहीत, यापेक्षा मालाच्या दर्जाचा आणखी कोणता पुरावा पाहिजे? तेव्हा मी ठरवले की धंदा करायचा. सौ.ने पापड करायचे आणि मी उद्योजक व्हायचे, अशी कामाची समसमान वाटणीही केली.

पण उद्योजकाला कोच लागतो हे मला ठाऊक नव्हते. मला वाटायचे, कोच लागतो तो क्रिकेटवाल्यांना. भाच्याने माझे अज्ञान दूर केले. हल्ली म्हणे धंदा शिकवणारेही कोच असतात. मी आपला शब्दाच्या मुळाशी गेलो. (निवृत्त माणसाला मुळाशी जायला वेळ असतो.) तर हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथे चांगल्या घोडागाड्या बनत, म्हणून गाडीलाच ‘कोच’ म्हणू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी, परीक्षेतून ओढून पलीकडे नेणाऱ्या मास्तरांना थट्टेने ‘कोच’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे पंचवटीचा डबा काय आणि धंद्याचा गुरू काय, काम एकच: आत बसलेल्या माणसाला ठरलेल्या ठिकाणी पोचवणे. हे मूळ मी तेव्हा नीट ध्यानात ठेवले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता.

महामार्गावरच्या एका हॉटेलात ‘मोफत मार्गदर्शन’ होते. मोफत या शब्दापुढे मराठी माणूस फार काळ तग धरू शकत नाही. मी वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. दालनात अंधार, व्यासपीठावर झगमगाट आणि ढोल-ताशालाही लाजवील असे संगीत. कोच आले ते धावतच. कानाला माईक, अंगात कोट, डोळ्यांत तेज. त्यांनी आम्हा दीडशे जणांना उभे केले, शेजाऱ्याला टाळी द्यायला लावली आणि “मी करू शकतो!” असे तीनदा ओरडायला लावले. मी ओरडलो. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत साहेबासमोर न निघालेला आवाज त्या दिवशी निघाला.

मग त्यांनी एकेकाला लक्ष्य विचारायला सुरुवात केली. माझ्याकडे माईक आला.

“सर, तुमचं लक्ष्य?”

“महिन्याला चाळीस किलो,” मी म्हणालो.

“चाळीस कोटी का नाही?”

“वाळत घालायला गच्ची एवढीच आहे,” मी खरे ते सांगितले.

दालनात हशा पिकला. कोच मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुमची गच्ची लहान नाही, तुमचा विचार लहान आहे.” मला एकदम भरून आले. असे आपल्याबद्दल कोणी बोललेच नव्हते. घरी विचाराबद्दल बोलतात, पण इतक्या प्रेमाने नाही.

शेवटी मुद्दा निघाला. वर्षभराचा अभ्यासक्रम, किंमत पाच लाख. पण आज, फक्त आज रात्री बारापर्यंत, दीड लाख. अधिक अठरा टक्के जीएसटी. म्हणजे एक लाख सत्त्याहत्तर हजार. त्यात धंद्याच्या ‘सर्व सरकारी नोंदण्या’ही समाविष्ट. एक तरुण मुलगी माझ्याजवळ आली, तिने माझ्याच मोबाईलवर पैसे भरायची पाने उघडून दिली, आणि मी आकडे टाकले. ते पैसे कशाचे होते ते सांगायला मला आजही जड जाते. सौ.च्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही बाजूला ठेवलेल्या रकमेतले होते ते. पण त्या अंधारात, त्या संगीतात, मला गुडघे दिसतच नव्हते. चाळीस कोटी दिसत होते.

सुदैवाने बँकेतल्या त्या जोड खात्याला मोबाईल नंबर सौ.चा होता. ओटीपी तिच्याकडे गेला आणि क्षणात तिचा फोन आला.

“अहो, एक लाख सत्त्याहत्तर हजारांचा ओटीपी आलाय. काय घेताय? म्हैस?”

“कोच घेतोय,” मी कुजबुजलो.

“काय विकलंय त्यांनी आजवर?”

“कोचिंग.”

“आणि उद्या सकाळी घेतला तर नासतो का तो?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. दूध नासते, इडलीचे पीठ आंबते. पण खरे ज्ञान रात्री बारानंतर एकदम साडेतीन लाखांनी का महागावे, हे मलाही सांगता येईना. ओटीपी काही मिळाला नाही. त्या मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी यापूर्वी फक्त विनातिकीट प्रवाशाकडे टीसीने टाकलेली पाहिली होती.

तरीही आशा सुटत नव्हती. व्यासपीठावर एका गृहस्थांनी सांगितले होते की या कोचमुळे त्यांचे आयुष्य बदलले. मी खटपट करून त्यांना फोन लावला. फार सज्जन माणूस. मी विचारले, “तुमचा व्यवसाय कोणता?” म्हणाले, “पूर्वी टाइल्सचा होता. आता मीही कोचच आहे. तुम्हाला पाहिजे का?”

आमच्या डब्यात पत्त्यांचे एक भिडू होते, एका कंपनीतले हिशेबनीस. आता तेही निवृत्त आहेत. सकाळी आम्ही पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फिरायला जातो. त्यांना मी ही कहाणी सांगितली. ते म्हणाले, “गाडी कशी आहे हे चौकशीच्या खिडकीवर विचारायचं नसतं. गाडीतून उतरलेल्या माणसाला विचारायचं. आणि तो माणूस आपण शोधायचा, त्यांनी पुढे केलेला नाही चालणार.” मग समोरच्या फाळके स्मारकाकडे बोट दाखवून म्हणाले, “यांचा कोच कोण होता, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हते. फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि त्यांनी पहिला सिनेमा काढला, एवढ्यावर आम्हा नाशिककरांचा अभिमान भागतो. त्यांनी सांगितले ते असे. १९१२ साली फाळके लंडनला गेले ते धंदा शिकायलाच. ओळखपाळख कुणाची नाही. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली, तसे ते सरळ आत शिरून संपादकाला भेटले. त्या भल्या माणसाने पहिली गोष्ट कोणती सांगितली? “या फंदात पडू नका.” इंग्लंडात कितीजण या धंद्यात बुडाले ते सांगितले, हिंदुस्थानच्या हवेची शंका काढली. एवढे ऐकूनही गडी हटत नाही म्हटल्यावर मग त्याने त्यांना सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे नेले, आणि हेपवर्थने आपल्या स्टुडिओची दारे उघडून सगळे खाते न् खाते दाखवले.

“बघा,” हिशेबनीस म्हणाले, “आधी अडचण सांगितली आणि मग कारखाना दाखवला. तुमच्या त्या कोचनं कारखाना दाखवला?”

“दिवे दाखवले,” मी म्हणालो.

“आणि परत आल्यावर फाळक्यांनी भांडवलवाल्याला काय दाखवलं? चाळीस कोटी नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वाढतं त्याची एवढीशी फिल्म दाखवली. तुमचा वाटाणा कुठे आहे?”

माझा वाटाणा म्हणजे पापडाचे पाकीट. ते दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिले, खिशातून पेन काढले (निवृत्तीनंतरही हिशेबनिसाच्या खिशातले पेन जात नाही) आणि विचारले, “विकता केवढ्याला?”

“सत्तर रुपयांना.”

“साहित्य?” चौतीस. “पिशवी आणि लेबल?” सहा. “दुकानदाराचं कमिशन?” चौदा.

“म्हणजे सोळा रुपये नफा!” मी विजयी मुद्रेने म्हणालो.

“वहिनींना वेळ किती लागतो?”

“रोज चार तास. बारा पाकिटं होतात.”

“तासाला साठ रुपये धरले तरी दोनशे चाळीस झाले. पाकिटामागे वीस. म्हणजे तुम्ही एका पाकिटाला चार रुपये तोट्यात आहात. चाळीस कोटींची पाकिटं विकली असतीत तर केवढ्याला पडलं असतं, करा गुणाकार.”

मी केला नाही. मी एवढेच म्हणालो, “पण ती घरचीच आहे.”

यावर ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सरस्वतीबाई फाळकेही घरच्याच होत्या. दिवसा सिनेमाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, आणि अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. हिशेबात कुणी धरली का ती मजुरी?”

त्या सकाळी टेकडीवरून गार वारा येत होता, तरी मला घाम फुटला. चार तास पाट्यावर बसून, गुडघे धरत उठणारी सौ. डोळ्यांसमोर आली. तिचे गुडघे मी दोनदा विकायला काढले होते: एकदा रोज चार तास, आणि एकदा त्या हॉटेलात, एकरकमी.

तेव्हापासून वहीत एक नवी ओळ आली: ‘सौ.ची मजुरी, वीस रुपये’. दुकानदार सोडला आणि मी स्कूटरवरून घरोघर पाकिटे पोचवू लागलो. चौदा रुपये वाचले. आता पाकिटामागे दहा रुपये नफा, असे मी हिशेबनिसांना अभिमानाने सांगितले, तर म्हणाले, “पेट्रोल कोण भरतं?” म्हणजे नऊ. पण हे नऊ रुपये खरे आहेत, आणि खऱ्या नऊ रुपयांना एक वजन असते. पापड लाटायला एक बाई ठेवल्या, त्यांना तीच मजुरी. सौ. फक्त पीठ उकडते आणि चव पाहते. ‘सर्व सरकारी नोंदण्या’ म्हणाल, तर उद्यम नोंदणी फुकट झाली आणि अन्नपदार्थांची छोट्या धंद्याची नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत. बाकीची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात विचारून आलो. तिथे संगीत नव्हते, साहेबही दोन खेपांनंतर भेटले. पण रात्री बाराची भीती कुणी घातली नाही.

सगळेच कोच वाईट असतात असे मी म्हणणार नाही. पुढे एकजण भेटले. त्यांनी स्वतः पंधरा वर्षे मसाल्याचा कारखाना चालवला होता. तासाची फी आधी सांगितली, काय करीन आणि काय करणार नाही ते कागदावर लिहून दिले, आणि माझी वही पाहून म्हणाले, “तुम्हाला सध्या माझी गरज नाही. शंभर किलोवर गेलात की या.” त्यांचे नाव मी जपून ठेवले आहे. जो माणूस आपले गिऱ्हाईक दारातून परत पाठवू शकतो, त्याच्या डब्यात बसायला हरकत नाही.

आणि चांगला वाटाड्या भेटला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नाही. फाळक्यांचे अखेरचे दिवस याच नाशकात ओढगस्तीत गेले. १९४४ साली ते इथेच वारले. कोच झाला तरी तो डबाच. पुढचे रूळ त्याच्या हातात नसतात.

हिशेबनिसांना फी विचारली, तर त्यांनी एक पाकीट घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मीठ जरा जास्त आहे.” हेही फुकट सांगितले.

परवा भाचा आला होता. “मामा, मिळाला का शेवटी कोच?”

“मिळाला,” मी म्हणालो. “घरातच होता. अजूनही ओटीपी तिच्याकडेच येतो.”