स्टुडबेकर: गाड्या राहिल्या, निवृत्तिवेतन बुडाले

स्टुडबेकरची जुनी मोटार बाळगणारे लोक त्या कंपनीविषयी घरातल्या गेलेल्या माणसासारखे बोलतात. १८५२ साली इंडियानातील साउथ बेंड येथे लोहारकाम आणि घोडागाड्यांपासून तिचा आरंभ झाला. मोटारी पुष्कळ नंतर आल्या. मीही प्रथम १९५३च्या त्या बुटक्या, लांबट कूपेच्याच प्रेमात पडले. (श्रेय रेमंड लोवींना मिळते, रेखाटन मुख्यतः त्यांचे सहकारी रॉबर्ट बर्क यांचे.)

कामगारांचा इतिहास वाचू लागले, तेव्हा डिसेंबर १९६३पाशी अडखळले. साउथ बेंडमधले मोटारींचे उत्पादन त्या महिन्यात थांबले आणि निवृत्तिनिधीत पुरेसा पैसाच नाही, हे उघड झाले. साठी गाठलेल्या पात्र कामगारांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळिशी ते साठीमधल्या सुमारे ४,००० हक्कदारांच्या पदरी देय रकमेचे जेमतेम १५ टक्के पडले. हा आकडा मला दोनदा वाचावा लागला. त्यांहून तरुण असलेल्यांना काहीच मिळाले नाही. निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा अमेरिकी कायदा झाला १९७४ साली. तोवर या प्रकरणाचा दाखला वारंवार दिला जात होता.

कॅनडातील हॅमिल्टनच्या कारखान्यातून शेवटची स्टुडबेकर मार्च १९६६मध्ये बाहेर पडली. ती निळसर-हिरवी क्रूझर साउथ बेंडच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.